हो, आणि पाणी कधी येणार?

संभाजीनगरात नाटकात काम न केलेला माणूस शोधायचा म्हटला तर जरा हिंडावं लागतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात अफजलखान, कॉलेजात युवक महोत्सवाची एकांकिका, नोकरी लागल्यावर राज्य नाट्य स्पर्धेत शेवटच्या अंकात येणारा इन्स्पेक्टर, एवढं भांडवल इथल्या कुठल्याही कचेरीत टेबलागणिक सापडतं. विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. 'जिगीषा' ही नाट्यसंस्था इथलीच. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी इथूनच मुंबईला गेले. जे गेले नाहीत ते गेलेल्यांच्या तालमीतल्या चुका सांगत इथे राहिले. त्यामुळे नाटक म्हणजे काय, हे या गावात कुणी कुणाला शिकवायला जाऊ नये. गेलात तर समोरचा चहा मागवतो, तुम्हाला बसवून घेतो आणि तुम्हालाच शिकवतो.

अशा गावात, आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या फलकावर, मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीखाली एक कागद लागला. 'दर रविवारी सकाळी 7 वाजता नाट्यखेळ. संहिता नाही. पाठांतर नाही. दिग्दर्शक नाही. स्पर्धा नाही.' पाठांतर नाही हे सगळ्यांनाच पसंत पडलं. दिग्दर्शक नाही हेही चाललं, कारण प्रत्येकाच्या मनात एक नाव होतंच, स्वतःचं. पण स्पर्धा नाही म्हणजे परीक्षक नाहीत, आणि परीक्षकच नसतील तर निकालानंतर नावं ठेवायची कुणाला, हा पेच जुन्या मंडळींना पडला.

कागद लावणारी मुलगी कॉलनीतलीच. नाट्यशास्त्राची पदवी घेऊन मुंबईला गेली, मालिकांमध्ये 'ताईसाहेब, पाहुणे आलेत' एवढं एकच वाक्य वेगवेगळ्या साड्यांत म्हणून कंटाळली आणि परत आली. आता ती आमच्या सभागृहात, गणेश मंडळाच्या कनाती आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या भिंतीला सारून, बारा-चौदा जणांना गोलात उभं करते. आम्ही तिला मॅडम म्हणतो. ती आम्हाला काका-काकू म्हणते आणि कुणाचं काही ऐकत नाही.

मंडळी अशी: एक निवृत्त तहसीलदार, ज्यांना निवृत्तीनंतरही 'साहेब' ही हाक आली की मान आपोआप वळते. बँकेतल्या काकू. वाळूजच्या कारखान्यात क्वालिटी बघणारा इंजिनिअर. कोपऱ्यावर मेडिकल चालवणारं जोडपं. शहागंजकडून येणारे, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आणि कॉलेजची दोन पोरं, जी फक्त आईने उठवलं म्हणून येतात.

पहिला खेळ अगदी साधा होता. गोलात उभं राहायचं, एकाने दुसऱ्याकडे हात करून एक शब्द फेकायचा, त्याने तिसऱ्याकडे दुसरा शब्द, मग तिसरा, मग पुन्हा पहिला. परदेशात 'झिप, झॅप, झॉप' म्हणतात. झिप म्हणताना साहेबांना संकोच वाटतो म्हणून मॅडमने आपल्या गावचे शब्द दिले. गुलमंडी, पैठण गेट, क्रांती चौक. इथेच घात झाला. काकूंनी 'गुलमंडी' फेकलं. मास्तरांनी ते झेललं, 'पैठण गेट' म्हणून साहेबांकडे हात केला. साहेबांनी हात खाली घेतला आणि विचारलं, "मधला टिळकपथ का गाळला?"

मॅडम म्हणाली, "काका, हा रस्ता नाही, खेळ आहे."

"ते ठीक आहे. पण मग पैठण गेटहून क्रांती चौकात जाताना सिल्लेखाना येतो, त्याचं काय?"

मेडिकलवाले म्हणाले की ते कधीच त्या बाजूने जात नाहीत, फार गर्दी. त्यांच्या सौभाग्यवतींनी तिथल्या तिथे ते औरंगपुऱ्यावरून गाडी घालतात आणि दर वेळी अडकतात हे जाहीर केलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "हौ, लेकिन पैदल जाव तो कुछ नई होता." पंधरा मिनिटं वाहतुकीवर उत्तम चर्चा झाली. खेळ एकाच फेरीत आटोपला.

आता हे खेळ आले कुठून, तर अमेरिकेतल्या शिकागोतून. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाई तिथे गेल्या शतकात स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करत. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, अभिनय म्हटलं की पोरं लाजतात, तेव्हा 'अभिनय करा' असं न सांगता त्यांना खेळायला लावायचं, खेळाच्या नादात जे होईल ते नाटक, ही त्यांची युक्ती. त्यांनी 1963 साली त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या नाट्यशाळांनी ते उचललं. दुसरे कीथ जॉनस्टन. हे गृहस्थ मूळचे इंग्लंडचे. कुस्त्यांना प्रेक्षक कसे ओरडतात, शिव्या देतात, जीव टाकतात, आणि नाटकाला कसे इस्त्री करून बसतात, हे त्यांना सलत होतं. म्हणून 1977 साली कॅनडातल्या कॅल्गरीत त्यांनी नाटकाचा सामनाच लावला. दोन संघ, पंच, गुण, आणि ओरडायला मोकळे प्रेक्षक. त्यांना कुणी तरी तमाशाच्या फडावर नेलं असतं तर पुढचा बराच खर्च वाचला असता.

कारण आयत्या वेळी बोलणं हे आपल्याकडे नवं नाहीच. 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो तो ज्या प्रयोगासाठी, ते 1843 सालचं विष्णुदास भाव्यांचं सांगलीतलं 'सीतास्वयंवर' तसंच होतं. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं मधलं गद्य आपापल्या मगदुराप्रमाणे बोलायची. राक्षस 'अलल डुर्र' करत यायचा. तमाशातली बतावणी, वगातला सोंगाड्या, सगळं तोंडावर. 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके कालच्या पेपरातली बातमी आज वगात घालायचे. आणि इतकं लांब कशाला जायचं, पैठण इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. संत एकनाथांनी भारुडात विंचू चावलेला माणूस, जोशी, वासुदेव, मुका, बहिरा उभे केले. भारुडकरी नाथांची ओळ जागची हलवत नाही, पण दोन ओळींच्या मधल्या जागेत गावच्या सरपंचापासून समोर बसलेल्या सुनेपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतो. त्या नाथांच्या नावाचं रंगमंदिर उस्मानपुऱ्यात आहे. तिथे आपण जातो, आसन क्रमांक शोधतो आणि पाठ केलेली वाक्यं ऐकून येतो.

हे सगळं मॅडमने आम्हाला सांगितलं. साहेबांनी टिपून घेतलं. खाली तारीख टाकून सहीसुद्धा केली.

मग आला या खेळांचा मुख्य नियम. समोरच्याने जे म्हटलं ते नाकारायचं नाही. 'हो' म्हणायचं आणि त्यात आपली भर घालायची. समोरचा म्हणाला, तू राजा आहेस, तर तू राजा. 'मी कुठला राजा, मी तर एलआयसीत आहे' म्हटलंत की खेळ मेला. लहानपणी भातुकलीत हा नियम कुणी शिकवला नव्हता. झाडाच्या पानाची पोळी समोर आली की सगळे जेवायचे, 'हे पान आहे' असं म्हणणाऱ्याला पुढच्या दुपारी कुणी खेळायला घ्यायचं नाही. पण चाळिशी उलटलेल्या मराठी माणसाचं पहिलं वाक्य 'तसं नाही' हेच असतं. त्यामुळे हा नियम आमच्या गटात टिकणार नाही, असं मला वाटत होतं. त्या दिवशी साहेबांना डॉक्टर केलं आणि कॉलेजच्या पोराला पेशंट.

पोरगं पोट धरून आलं. "डॉक्टर, माझ्या पोटात हत्ती शिरलाय."

आम्ही श्वास रोखला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पाळीव का जंगली?"

पोरगं गडबडलं. "जंगली."

"मग हे प्रकरण वनविभागाचं. माझ्याकडे कसं आणलं?"

"पण दुखतंय हो डॉक्टर!"

"दुखणारच. हत्ती आहे. बरं, एकटाच आहे की कळप? कळप असेल तर पंचनामा करावा लागेल. शेतीचं नुकसान किती?"

"शेती? पोटात?"

"सकाळी काय खाल्लं?"

"पोहे."

"म्हणजे पीक उभं होतं." साहेबांनी हवेतला कागद ओढला, हवेतलं पेन उघडलं. "नुकसानभरपाईचा अर्ज करा. सातबारा जोडा. आणि हत्तीला इथे आणू नका, आवारात जागा नाही."

सभागृह पडायचं बाकी राहिलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना मात्र आपण काय केलं हे कळलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपण नेहमीसारखं काम टाळलं. पण बघा, त्यांनी हत्तीला एकदाही नकार दिला नाही. पस्तीस वर्षं खुर्चीत बसून माणूस 'नाही' हा शब्द विसरून जातो. तो 'हो' म्हणतो, आणि मग 'आणि'पुढे इतकं काही जोडतो की अर्जदार घरी जातो. स्पोलिनबाई आणि जॉनस्टन यांना जे रक्त आटवून शिकवावं लागलं, ते आपल्या महसूल खात्याने कुठल्याही कार्यशाळेशिवाय गावोगाव पोचवलं आहे.

तिथून माझा बघण्याचा रोख बदलला. जो तो आपापल्या नोकरीत हेच करत होता. अर्थहीन भाषेचा एक खेळ असतो. एकाने न समजणाऱ्या आवाजांत बोलायचं, दुसऱ्याने त्याचा अनुवाद करायचा. बँकेच्या काकूंना केवायसी समजावून सांगायचं होतं. त्यांनी "फुरडुक मांडळी टिंबर टिंबर, हुस्का!" असं काही तरी करून हाताने फॉर्म, बोटाने सही, भुवईने 'उद्या या' असं सगळं केलं. मेडिकलवाले थक्क झाले. म्हणाले, "काकू, तुमच्या काउंटरवर तीनदा येऊन गेलो, मराठीत सांगितलंत तेव्हा एक अक्षर कळलं नव्हतं. आज सगळं कळलं." दुसऱ्या पोराला या खेळात काहीच सुचेना, तर त्याने नुसतं 'अलल डुर्र' करून वेळ मारून नेली. भाव्यांची परंपरा शाबूत आहे.

आरशाच्या खेळात समोरासमोर उभं राहून एकाने हालचाल करायची आणि दुसऱ्याने त्याचं प्रतिबिंब व्हायचं. इंजिनिअर आणि साहेब अशी जोडी लागली. इंजिनिअरने डोळे मोठे केले, गाल फुगवले, जीभ काढली. साहेबांच्या चेहऱ्यावर रेष हलली नाही. मंत्र्यासमोर, मोर्चासमोर आणि गारपीटग्रस्तांसमोर सारखाच ठेवलेला तो चेहरा होता. दोन मिनिटांनी इंजिनिअरने मॅडमकडे बघून विचारलं, "आरसा रिजेक्ट करता येतो का?"

स्पोलिनबाईंच्या पद्धतीत खेळ चालू असताना शिकवणाऱ्याने बाजूने छोट्या सूचना द्यायच्या असतात. 'हातातली वस्तू दिसू द्या', 'एकमेकांकडे बघा', इतकंच. आमच्याकडे हा भाग सर्वांत उत्साहाने पार पडतो, कारण तो सगळेच करतात. दोघं खेळतात आणि दहा जण बाजूने सांगतात. लग्नात व्हिडिओवाल्याला जसं मुलीचा मामा, मुलाचा मामा आणि मंडपवाला असे तिघे मिळून कॅमेरा कुठे धरायचा ते सांगतात, त्यातलाच प्रकार. "पदर घे ना!" "अहो, तो मेलाय आधीच!" "दार त्या बाजूला होतं!" हवेतल्या दारावरून एकदा खरंखुरं भांडण झालं. काकू म्हणाल्या, दार पूर्वेला. मेडिकलवाल्या वहिनी म्हणाल्या, दक्षिणेला. मास्तरांनी तोडगा काढला, "दो दरवाजे रखो. बावन दरवाजों का शहर है."

बावन्नवरून आठवलं. याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात डॉ. लक्ष्मण देशपांडे शिकवत. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये ते एकटे 52 पात्रं उभी करायचे. एकटा माणूस मान जरा तिरकी करायचा आणि नवरीचा बाप व्हायचा, खांदा पाडायचा आणि दुसराच कुणी व्हायचा. जगभर प्रयोग केले, गिनेस बुकात नाव गेलं. 2009 साली ते गेले. त्यांच्याच गावात आम्ही बारा-चौदा जण मिळून एक पात्र तयार करायला बसतो आणि तासाभरात ते काही पुरं होत नाही. कुणी त्याला मिशा लावतं, कुणी काढतं, शेवटी त्याला बदली होऊन हिंगोलीला जावं लागतं.

पण एक गोष्ट मी नोंदवून ठेवतो. कुठलीही जागा द्या, कुठलाही काळ द्या, आमच्या गटाचा प्रवेश अडीच मिनिटांत पाण्यावर येतो. नाथसागर जलाशय पैठणला, त्याच्या धरणाचं 1976 साली लोकार्पण होऊन इतकी वर्षं झाली, चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने या गावाला नहरी करून दिल्या होत्या, 2020 साली 1680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजनही झालं. तरी इथला माणूस आठवडा मोजतो तो वारांनी नाही, पाण्याच्या दिवसाने. चंद्रावरचा प्रवेश दिला तेव्हा वहिनींनी उतरल्या उतरल्या विचारलं, "इथे किती दिवसाआड येतं?" चंद्रावर पाणी असल्याचं चांद्रयानाने दाखवलंय, हे इंजिनिअरने सांगितलं. "असेल," वहिनी म्हणाल्या, "प्रश्न वितरणाचा आहे."

कळस झाला तो टायटॅनिकच्या दिवशी. जागा पोरांनीच सुचवली, वर एकमेकांना टाळीही दिली. सतरंजी म्हणजे जहाज. इंजिनिअर कप्तान झाला, बाकीचे प्रवासी. कप्तानाने दुर्बीण लावली, किंचाळला.

"हिमनग! जहाज आदळलंय! पाणी आत यायला लागलंय!"

क्षणभर कुणी हललं नाही. मग काकूंनी विचारलं, "फोर्स कसाय?"

"फोर्स? भयंकर आहे! धो धो येतंय!"

"मग बघताय काय सगळे? टिपाडं लावा!"

पुढचं बघण्यासारखं होतं. वहिनींनी साडीचा पदर खोचला आणि नवऱ्यावर खेकसल्या, "पाइप कुठाय? मागच्या वेळी वरच्या मजल्यावाल्यांना दिलात, तो आणला नाहीच ना?" मेडिकलवाले हवेतला पाइप काढायला पहिल्या वर्गाच्या डेकवर धावले. मास्तर म्हणाले, "मोटर लगाव, आज परेशर अच्छा है." साहेब सतरंजीच्या टोकाला उभे राहून गरजले, "मोटर लावलेली दिसली तर जप्त होईल!" आणि तेवढ्यात हळूच स्वतःची बादली नळाखाली सरकवली. एक पोरगं कळशा पास करायला लागलं. दुसरं म्हणालं, "काकू, पण समुद्राचं पाणी खारट असतं."

"बोअरचं काय गोड असतं?"

कप्तान रडकुंडीला आला. "अहो, बुडतोय आपण! लाइफबोटीत बसा!"

"किती वेळ लागेल बुडायला?"

इंजिनिअर क्वालिटीचा माणूस, आकडा त्याच्या तोंडावर होता. "2 तास 40 मिनिटं लागली होती."

काकूंचा चेहरा उजळला. "2 तास 40 मिनिटं? आमच्याकडे पाऊणच तास येतं हो! वहिनी, गोधड्या काढा!"

जहाज बुडालं तेव्हा सगळी टिपाडं भरलेली होती, गोधड्या वाळत होत्या, आणि साहेब हिमनगावर अतिक्रमणाची नोटीस डकवत होते. 'सदर हिमनग विनापरवाना उभा असून सात दिवसांच्या आत हटवावा.' कप्तान एकटाच बुडाला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "हे सिनेमात नव्हतं." मॅडमने त्याला समजावलं की दिलेल्या प्रत्येक गोष्टीला इतरांनी होकार दिला, नियम मोडला तो फक्त तू, कारण शेवट काय व्हायचा हे तू आधीच ठरवून आला होतास. ते त्याला पटलं नाही. पुढच्या रविवारी तो लाइफबोटींची यादी छापून घेऊन आला.

सध्या आम्हाला माणसं कमी पडतात. एक पोरगं पुण्याला गेलं, मास्तर मुलीकडे परभणीला गेलेत. वयाची अट नाही, अभिनय आलाच पाहिजे असं नाही, राज्य नाट्य स्पर्धेत बक्षीस मिळालेलं असलं तरी चालवून घेऊ. रविवारी सकाळी 7 ला या. मात्र निघण्याआधी एकदा लाइनमनला फोन करा. तुमच्या भागात त्या दिवशी पाणी असेल तर येऊ नका. आम्हीही आमच्या पाण्याच्या दिवशी खेळ ठेवत नाही.